एलडीएच मधलं हिस्टिडीन नक्की ॲसिड की बेस??

बायोकेम_बेजार
एमएस्सी पहिलं वर्ष, परवा तोंडी परीक्षा आणि लॅक्टेट डीहायड्रोजिनेजवर (एलडीएच, पायरुव्हेट आणि लॅक्टेट एकमेकांत बदलणारं एन्झाइम) गाडी अडलीये. पुस्तक म्हणतं हिस्टिडीन १९५ (म्हणजे साखळीतलं १९५ नंबरचं अमिनो ॲसिड) प्रोटॉन देतं, मॅडमनी फळ्यावर लिहिलं की ते प्रोटॉन काढून घेतं. वर माणसाच्या एलडीएच-ए चं स्ट्रक्चर उघडलं तर १९५ ला हिस्टिडीनच नाही, ते निघालं १९२ ला! नोट्समधे १९३ पण आहे. प्लीज गुगल कर म्हणू नका, तिथूनच आलोय.

कोकणचा_केमिस्ट
मॅडम बरोबर आणि पुस्तकही बरोबर, दोघं उलट्या दिशांनी बोलतायत एवढंच. पायरुव्हेटचं लॅक्टेट होताना एनएडीएच (हायड्राइड वाहून आणणारा मदतनीस रेणू, तो दिला की उरतं ते एनएडी) आपल्या निकोटिनामाइड रिंगमधल्या चौथ्या कार्बनवरून हायड्राइड, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनसकट हायड्रोजन, पायरुव्हेटच्या मधल्या कार्बनला देतं, मग तिथला ऑक्सिजन निगेटिव्ह होऊन बसणार ना, त्याला हिस्टिडीन प्रोटॉन देऊन गप्प करतं. म्हणजे इथे ॲसिड. उलट दिशेला लॅक्टेटच्या ओएच मधला प्रोटॉन तेच ओढतं आणि हायड्राइड एनएडी कडे जातो. तिथे बेस. शेजारचं ॲस्पार्टेट १६८ त्याला धरून असतं. तोंडीत आधी विचारा "सर कुठल्या दिशेने?", निम्मे मार्क तिथेच.

आकड्यांचं म्हणाल तर १९५ ही डॉगफिश शार्कच्या एलडीएचवरून आलेली नंबरिंग, १९७० च्या आसपास रॉसमन यांच्या ग्रुपने तेच स्ट्रक्चर सोडवलं होतं (आपल्या मुशीचं चुलत भावंड समजा). मग सगळ्या प्राण्यांना तोच नंबर चिकटला. माणसाच्यात सुरुवातीचं मेथिओनीन मोजलं तर १९३, नाही मोजलं तर १९२. अमिनो ॲसिड तेच आहे हो.

बायोकेम_बेजार
धन्यवाद दादा!! अजून एक, हायड्राइड पाण्यालाच का नाही जात, पाणी तर सगळीकडे आहे? आणि प्रॅक्टिकलला आम्ही पायरुव्हेट भरपूर घातलं की रिॲक्शन वेगात होईल म्हणून, तर उलट ३४० नॅनोमीटरचं रीडिंग (हा प्रकाश एनएडीएच शोषतं, ते वापरलं जाईल तसं रीडिंग उतरतं) हळू उतरायला लागलं. पार्टनर म्हणतो मी पिपेट चुकवली.

लूप_वाली
पाण्याला तिथे जागाच ठेवत नाहीत. आधी एनएडीएच बसतं, मग पायरुव्हेट, त्याचा कार्बोक्सिलेट आर्जिनीन १७१ दोन हायड्रोजन बाँडनी पकडतं, आणि वरून एक लूप डब्याच्या झाकणासारखा बंद होतो, पाणी बाहेर. त्या लूपवरच आर्जिनीन १०९ असतं, ते कार्बोनिलचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे खेचतं म्हणजे कार्बन हायड्राइड घ्यायला तयार. १९८६ मधे बॅक्टेरियाच्या एलडीएचमधे ते आर्जिनीन काढून ग्लुटामीन घातलं तर वेग प्रचंड पडला. वेळ लागतो तो मुख्यतः झाकण बंद व्हायला, हायड्राइड उडी पटकन मारतो.

आणि पार्टनरला सांग पिपेट निर्दोष असू शकते. पायरुव्हेट जास्त झालं की ते एनएडी बसलेल्या एन्झाइमवर जाऊन त्या एनएडीला चिकटतं, मग एन्झाइम अडकून पडतं. हृदयातल्या एच४ प्रकारात हे स्नायूतल्या एम४ पेक्षा जास्त दिसतं. तुमचं एन्झाइम कुठलं होतं?

पॅथलॅब_रोजचंच
मेकॅनिझम मला नाही झेपत, पण सँपल हिमोलाइझ असेल तर एलडीएच खोटा वाढलेला येतो हे लक्षात ठेव, लाल पेशी फुटल्या की त्यातलं सगळं सीरममधे. आमच्याकडे सुई नीट न लागलेल्या सँपलवर डॉक्टरांचे फोन येतात.

बायोकेम_बेजार
@लूप_वाली बाटलीवर बीफ हार्ट लिहिलंय 😐 पार्टनरला सॉरी म्हणायला लावतो

लूप_वाली
हाहा मग झालंच. पायरुव्हेट टप्प्याटप्प्याने कमी करून परत चालव, वेग आधी वाढेल मग एका जागेपासून पडेल, तोच ग्राफ वहीत लाव.