घराची मूल्यं बसून, लिहून ठरवावीत का?

पायवाट
कुठल्याही घरात काही नियम न बोलता चालूच असतात. एकाचा आवाज चढला की बाकीच्यांनी गप्प बसायचं, पैशाचा विषय मुलांसमोर काढायचा नाही, माफी फक्त लहानांनी मागायची. हे कोणी ठरवलेलं नसतं, पण मुलं तेच शिकून मोठी होतात. मग जे नकळत चाललंय ते उघड मांडून, त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे सगळ्यांनी मिळून का ठरवू नये?

आम्ही चौघांनी बसून मोजकी वाक्यं लिहिली. 'प्रामाणिकपणा', 'आदर' असले शब्द मुद्दाम टाळले. त्यांना कोणी नाही म्हणत नाही आणि त्यांनी काही ठरतही नाही. त्याऐवजी: चूक स्वतःहून सांगितली तर ओरडा नाही. भांडण अर्धवट टाकून जायचं असेल तर 'नंतर बोलू' म्हणायचं आणि खरंच बोलायचं. मोठा खर्च सगळ्यांना सांगून. शिवाय एक सामायिक ध्येय: सगळ्यांनी मिळून लांबची सायकल सहल, आणि तिच्यासाठी प्रत्येकाने काहीतरी खर्च कमी करायचा.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम म्हणतं की स्वतःशी संबंधित गोष्टींत मूल मत मांडू शकतं आणि त्याचं वय, समज पाहून त्या मताला वजन मिळालं पाहिजे. करार सरकारांसाठी आहे, पण सुरुवात घरातच नको का?

तिरकस_रेघ
घर आहे की कंपनी? भिंतीवर मूल्यं लावलेल्या कचेऱ्यांत काय चालतं ते आपण रोज बघतो.

मुलं वाचून शिकत नाहीत, बघून शिकतात. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांचा १९६१ चा बाहुलीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुलीला बडवताना ज्या मुलांनी पाहिलं, त्यांनी पुढे संधी मिळताच तसंच बडवलं. काहींनी तर त्या माणसाचे शब्दही जसेच्या तसे उचलले. त्यांच्यासोबत कोणी बैठक घेतली नव्हती. आईबाप नीट वागत असतील तर कागद लागत नाही, आणि वागत नसतील तर कागदाचा उपयोग नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पायवाट
तो प्रयोग माझ्याच बाजूने बोलतो की! मुलं बघून शिकतात म्हणूनच यादीने आधी मोठ्यांना बांधलं पाहिजे. 'बोलताना फोन खाली' हे वाक्य आमच्या मुलीने घातलंय, आणि ते सगळ्यात जास्त वेळा मलाच ऐकवलं जातं. न लिहिलेल्या नियमावर बोट ठेवून लहान मूल मोठ्याला टोकू शकत नाही. टोकलं तर तो उद्धटपणा ठरतो.

निशाचर
मी अशाच घरात वाढलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

दर आठवड्याला बैठक असायची. वही होती. 'आपण कष्टाळू माणसं', 'आपण अर्धवट काही सोडत नाही' अशी वाक्यं तिच्यात होती, खाली सगळ्यांच्या सह्या. वाईट काहीच नव्हतं त्यात. पण पोहणं सोडायचंय असं मी म्हणालो तेव्हा ती वही काढली गेली. 'हे आपण सगळ्यांनी ठरवलं होतं ना?' साध्या घरात बाप 'मी सांगतोय म्हणून' म्हणतो. मुलाला निदान राग कोणावर काढायचा ते कळतं. आमच्याकडे हुकूम वडिलांचाच होता, पण त्याच्यावर माझी सही होती. स्वतःच्याच सहीविरुद्ध भांडायचं कसं?

दहा वर्षांच्या मुलाला आईवडिलांच्या समोर बसवून 'तुला पटतंय ना?' विचारलं तर तो हो म्हणतो. त्याला संमती म्हणू नका. मारहाण नव्हती, आरडाओरडा नव्हता, बाहेरून बघणाऱ्याला आदर्शच वाटावं असं घर होतं. म्हणून तर तक्रार करायला जागा नव्हती.

दुपारचं_ऊन
एक साधा प्रश्न. ही बैठक ठरवतं कोण, आठवण कोण करतं, रुसलेल्याला समजावून कोण आणतं? बहुतेक घरांत ते काम कोणाकडे जातं हे सांगायला नकोच. 'कामं सगळ्यांची' हे मूल्य यादीत असतं आणि यादी सांभाळायचं काम एकटीचं!

गणिती_मांजर
दोन गोष्टी. एमरी विद्यापीठातल्या ड्यूक आणि फिवुश यांनी मुलांना वीस प्रश्न विचारले: आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडील कसे भेटले, अशा धर्तीचे. घरच्या गोष्टी जास्त माहीत असलेल्या मुलांचा आत्मविश्वास जास्त दिसला. हा फक्त संबंध आहे, कारण नव्हे. प्रश्नोत्तरं घोकून घेऊन काही साधणार नाही. ज्या घरात निवांत गप्पा होतात तिथे गोष्टी आपोआप कळतात, इतकंच.

दुसरं, मूल्यांना बक्षिसं लावू नका. मानसशास्त्रज्ञ लेपर आणि सहकाऱ्यांच्या १९७३ च्या प्रयोगात, चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्र दिलं. पुढे मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रं काढत होती. 'खरं बोललास, एक चांदणी' हे त्याच वाटेने जातं.

तिरकस_रेघ
म्हणजे गप्पा मारा. तेच म्हणतोय मी. कागद कशाला?

पायवाट
गप्पांत ज्याचा आवाज मोठा, त्याचंच चालतं.

@दुपारचं_ऊन, मान्य. आमच्याकडे बैठक बोलवायची पाळी फिरते आणि मुलाच्या पाळीला ती हमखास बुडते. बुडू देतो.

@निशाचर, तुमचा मुद्दा सगळ्यात जड आहे. आमच्याकडे सह्या नाहीत. कोणीही कुठलंही वाक्य खोडायला सांगू शकतं, कारण द्यायची सक्ती नाही.

निशाचर
आणि खोडल्यावर घरात अबोला नाही, उसासे नाहीत, याची हमी? मुलगा उद्या म्हणाला, मला सहलीलाच यायचं नाही, तर?

पायवाट
तर तिघं जाऊ. त्याने वाचवलेले पैसे त्याला परत.

तिरकस_रेघ
मग ध्येय सामायिक कसलं? ज्यांना जायचंय त्यांची सहल आहे ती.

निशाचर
@तिरकस_रेघ, मला चालली असती.