मदत हवी आहे: बर ओकचं मूळ कुंडीबाहेर आलंय, आता जमिनीत लावू का?

टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. घराच्या पश्चिमेला सावलीसाठी ओक हवाय आणि तो बीपासूनच वाढवायचाय. ऑक्टोबरमध्ये बर ओक या ओकच्या जातीची 30 एकॉर्न (ओकची बी असलेली फळं) वेचली. पाण्यात तरंगलेली 9 टाकून दिली, बाकीची ओलसर भुशात घालून फ्रिजमध्ये ठेवली. हा पांढऱ्या ओकच्या गटातला, त्यामुळे रेड ओकसारखा रुजायला हिवाळाभर थांबला नाही. पिशवीतच मोड आले. मग 12 इंच खोल कुंड्यांत आडवी लावली, खारी उकरतात म्हणून वर जाळी बांधली.

काल एक कुंडी उचलली तर तळाच्या भोकातून सुतळीएवढं पांढरं मूळ लोंबत होतं. वर अजून कोंबही नाही!

जमीन काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी, थेट मराठवाड्यातल्यासारखी, खाली चुनखडी. नर्सरीतलं तयार झाड नकोय. लाइव्ह ओक ही दुसरी जातही नको, त्याच्या एकमेकांत गुंतलेल्या मुळांतून ओक विल्ट हा झाड मारणारा बुरशीचा रोग पसरतो.

सोटमूळ वेटोळं व्हायच्या आत, आत्ता डिसेंबरमध्येच जमिनीत लावू, की आणखी खोल कुंडीत हलवून मार्चमध्ये पालवी फुटेपर्यंत थांबू? आणि बाहेर आलेलं टोक छाटलं तर सोटमुळाचं कायमचं नुकसान होईल का?