काच कापून घ्या, पण टफन्ड
फ्रिजमधला काचेचा शेल्फ फुटला तर कंपनीचा घेण्यापेक्षा नाक्यावरच्या काचवाल्याकडून त्याच मापाची काच कापून घ्यावी, असं कुणीतरी सुचवलंय. अर्धंच पटलं. परळला आम्ही तेच केलं होतं. ४ मिमीची साधी काच, कडा घासून, अर्ध्या तासात हातात. सहा-सात महिने काही कटकट नाही. मग गणपतीच्या आधीची साफसफाई निघाली, मी ती थंडगार काच काढून सरळ गिझरच्या गरम पाण्याखाली धरली आणि टक्कन आवाज. सिंकमध्ये सुरीसारखे दोन लांब तुकडे. अंगठ्यावरचा व्रण अजून आहे.

फ्रिजची मूळ काच बहुतेक टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली असते. ती फुटली तर बारीक खड्यांचा ढीग होतो, अशी पाती निघत नाहीत. मात्र एकदा टफन झालेली काच कापता येत नाही. आधी मापात कापायची, कडा घासायच्या, खाच किंवा भोक हवं तर तेही तेव्हाच, आणि मग भट्टीत. त्यामुळे काचवाला पुढे कारखान्यात पाठवतो आणि चार-पाच दिवस जातात. माप घेताना पुढची-मागची प्लास्टिकची पट्टी काढून नुसत्या काचेचं घ्या. आम्ही दुसऱ्यांदा पट्टीसकट मोजलं, काच मोठी झाली आणि आता ती घासूनही कमी होईना! सध्या ती ओट्यावर पोळ्या लाटायला आहे.

भाजीच्या ड्रॉवरला मात्र हा जुगाड नाही. फ्रिजच्या आतल्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर बघूनच मागवा.