गोव्याच्या सहलीत कमी रकमेचा पोकर खेळायचा आहे. पोकर रूम कशी निवडावी?

बोरीकाठ (अमळनेर):

नमस्कार. डिसेंबरमध्ये आम्ही चार मित्र गोव्याला जात आहोत. जळगावहून मंगला एक्स्प्रेसने मडगाव आणि तिथून पणजीत मुक्काम, एवढे ठरले आहे. सहलीतल्या दोन संध्याकाळी पोकरसाठी राखून ठेवाव्यात, असा आमचा विचार आहे. आपल्याकडच्या बहुतेकांप्रमाणे आम्हीही आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मळ्यात पत्ते खेळतच मोठे झालो. रमी आणि तीनपत्ती अंगवळणी पडलेली आहेच, पण गेल्या काही वर्षांत टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकारही आम्ही आपसांत, पैसे न लावता, मन लावून शिकलो आहोत. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा नवा कायदा आल्यापासून पैशांचा ऑनलाइन पोकर बंद झाला, त्यामुळे खऱ्या डीलरसमोर बसून खेळण्याची इच्छा आता गोव्यातच पुरी होईल असे दिसते.

डेल्टिन रॉयल, डेल्टिन जॅक, बिग डॅडी, मॅजेस्टिक प्राइड ही मांडवीतल्या जहाजांची नावे ऐकून आहोत. जाहिरातीत प्रत्येकच जहाज सर्वांत मोठे असते. आमच्यापैकी प्रत्येकाने पोकरसाठी वीस हजार रुपये बाजूला काढले आहेत आणि ते गेले तरी घरच्या खर्चाला धक्का लागणार नाही. एवढ्या रकमेत बरा खेळ मिळावा यासाठी पोकर रूम निवडताना नेमके काय पाहावे? रोख टेबलावर (जिथे चिप्स म्हणजे थेट पैसे असतात) बसावे की टूर्नामेंट खेळावी? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

गिरणाखोरे (चाळीसगाव):

बोरीकाठ भाऊ, जहाजाचे नाव शेवटी ठरवा. त्याआधी प्रत्येक ठिकाणी फोन करून काही आकडे लिहून घ्या, कारण कमी रकमेच्या खेळात माणूस समोरच्या खेळाडूंकडून जेवढा हरतो, जवळजवळ तेवढाच त्या खुर्चीच्या खर्चात संपतो, आणि हा खर्च रोषणाईत कुठेही दिसत नाही.

पहिला प्रश्न असा विचारा की आज रात्री सर्वांत लहान ब्लाइंडचे, म्हणजे प्रत्येक डावाआधी दोन खेळाडूंना लावाव्या लागणाऱ्या सक्तीच्या रकमांचे, कोणते टेबल प्रत्यक्ष चालू आहे. ‘आमच्याकडे सगळ्या रकमांची टेबले असतात’ या उत्तरावर समाधान मानू नका. यादीत असलेले टेबल आणि माणसे बसलेले टेबल यांत फार अंतर असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सर्वांत लहान टेबल जमतच नाही, असे पुष्कळदा होते, आणि मग नाव वेटिंग लिस्टवर टाकून थांबलेला माणूस कंटाळून मोठ्या टेबलावर जाऊन बसतो. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री गर्दी असते, लहान टेबले भरतात आणि त्यांवर सहलीला आलेले हौशी लोक जास्त असतात. तुमच्या दोन संध्याकाळी शक्यतो याच दिवशी ठेवा.

दुसरा प्रश्न किमान आणि कमाल बाय-इनचा, म्हणजे टेबलावर बसताना घ्यायच्या चिप्सच्या रकमेचा. तुम्ही समजा 50/100 च्या टेबलावर (स्मॉल ब्लाइंड 50, बिग ब्लाइंड 100 रुपये) बसलात, तर शंभर बिग ब्लाइंड म्हणजे दहा हजार रुपये झाले. तुमच्या वीस हजारांत असा बाय-इन दोनदा बसतो आणि दोन संध्याकाळींसाठी ते रास्त आहे. पण त्याच टेबलाला कमाल मर्यादा नसेल आणि समोर लोक लाखाच्या चिप्स रचून बसलेले असतील, तर नावाला 50/100 असलेला तो खेळ प्रत्यक्षात फार मोठा झालेला असतो. त्यात स्ट्रॅडलची पद्धत असेल, म्हणजे पत्ते वाटण्याआधीच कोणी स्वेच्छेने 200 लावत असेल, तर तुमचे शंभर ब्लाइंड पन्नासच उरतात. स्ट्रॅडल ऐच्छिक आहे की टेबलावरच्या सर्वांनी ठरवून सक्तीचा केला आहे, हे बसण्यापूर्वी पाच मिनिटे मागे उभे राहून पाहिले तरी कळते.

आता रेक, आणि यावर मी थोडे जास्त लिहितो. डीलर प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या रकमेतून) हा कॅसिनोचा वाटा काढतो आणि त्या चिप्स टेबलातल्या फटीतून खालच्या पेटीत सोडतो. खेळणाऱ्याचे लक्ष त्या वेळी पॉट कोणाकडे जातो याकडे असते, म्हणून ही हालचाल नजरेतून निसटते. टक्केवारी किती हे तर विचाराच, पण तिच्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे एका पॉटमधून जास्तीत जास्त किती रुपये कापले जातात, ती कमाल मर्यादा विचारा. मोठ्या टेबलावर पॉट इतके मोठे असतात की ती मर्यादा किरकोळ वाटते, पण लहान टेबलावर पूर्ण टक्केवारी जवळजवळ प्रत्येक पॉटला लागते. समजा सरासरी एका डावात 150 रुपये कापले गेले आणि तासाला तीस डाव झाले, तर त्या टेबलावरून तासाला 4,500 रुपये उठले. नऊ खेळाडू असतील तर प्रत्येकी 500 रुपये, म्हणजे 50/100 च्या खेळात तासाला पाच बिग ब्लाइंड. एवढे तर उत्तम खेळाडूलाही सातत्याने कमावणे अवघड आहे. म्हणून दोन जहाजांची टेबले एकाच रकमेची असतील, तर ज्या ठिकाणी कापण्याची मर्यादा कमी आहे आणि फ्लॉपच्या (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांच्या) आधी संपलेल्या डावातून काहीही घेतले जात नाही, ते ठिकाण निवडा, मग तिथले गालिचे साधे असले तरी चालतील.

प्रवेशशुल्काबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. जहाजावर जाण्याच्या पॅकेजमध्ये जेवण, पेये आणि काही चिप्स येतात, पण त्या चिप्स बहुधा रूले किंवा ब्लॅकजॅकसारख्या टेबलांवर एकदाच लावण्यापुरत्या असतात. त्या पोकरच्या टेबलावर चालतात का आणि फक्त पोकरसाठी येणाऱ्यांना वेगळा दर आहे का, हे थेट पोकर रूमलाच विचारा. धक्क्यावरच्या तिकीट खिडकीला त्याची नीट माहिती असेलच असे नाही.

पांझरातीर (धुळे):

वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत आहे. माझे काम करसल्ल्याचे असल्याने त्या बाजूचे तेवढे लिहितो, कारण लहान रकमेने खेळणाऱ्याला कराचा भार सर्वांत जास्त जाणवतो.

कॅसिनोत चिप्स विकत घेताना जी रक्कम दिली जाते, तिच्यावर 1 ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के जीएसटी लागू झाला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून हा दर 40 टक्के झाला आहे. जिंकलेल्या चिप्स पुन्हा खेळात लावल्या तर त्यांवर तो दुसऱ्यांदा लागत नाही. या कराचा बोजा कॅसिनो स्वतः किती उचलतो आणि खेळाडूवर किती टाकतो, यावर तुमचा सगळा हिशेब अवलंबून आहे. त्यासाठी कायद्याची चर्चा करत न बसता एकच सरळ प्रश्न विचारा: मी दहा हजार रुपये दिले, तर माझ्या हातात किती रुपयांच्या चिप्स येतील, आणि निघताना तेवढ्याच परत केल्या तर मला किती पैसे मिळतील? ज्या ठिकाणी या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर फोनवर मिळत नाही, ते ठिकाण माझ्या मते यादीतून काढून टाकावे.

पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट 30 टक्के आणि वर उपकर असा आहे. तुमचे एरवीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेत असले तरी तो लागतो आणि एका संध्याकाळचा तोटा दुसऱ्या संध्याकाळच्या कमाईतून वजा करता येत नाही. टूर्नामेंटचे बक्षीस 10,000 रुपयांच्या वर गेले तर टीडीएस तिथेच कापला जातो, म्हणून पॅन कार्ड जवळ असू द्या.

कायद्याचे म्हणाल तर गोव्याच्या 1976 च्या जुगारबंदी कायद्यात 1990 च्या दशकात दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या आणि जहाजांवर टेबलावरच्या खेळांना वाट मिळाली. महाराष्ट्रात तसे काही नाही. 1976 चा आपला कॅसिनोविषयक कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्दही झाला, तर 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. त्यामुळे परतल्यावर अमळनेरात पैशांचे टेबल मांडण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर त्याला वेळीच थांबवा. कॅसिनोत प्रवेशासाठी वय 21 पूर्ण असावे लागते, तेव्हा चौघांनीही सरकारी ओळखपत्र सोबत ठेवा.

सातपुडाकन्या (शहादा):

बोरीकाठ दादा, मी मुलाकडे अमेरिकेत असताना लास वेगासच्या पोकर रूममध्ये बसले आहे आणि गोव्यातही खेळले आहे, म्हणून दोन्हींतला फरक सांगते. तिथे 1/2 किंवा 1/3 डॉलरचे टेबल हा रोजचा, मुख्य खेळ असतो. रूममध्ये जायला पैसे पडत नाहीत आणि कोणत्या ठिकाणी किती टेबले चालू आहेत, वेटिंग लिस्टवर किती जण आहेत, हे ब्राव्हो नावाच्या ॲपवर खोलीत बसून दिसते. आपल्याकडे लहान टेबल हे मोठ्या टेबलाच्या पायरीसारखे वागवले जाते. म्हणून रूमने लहान खेळाडूला कसे वागवले, ही माझी पहिली कसोटी असते. फ्लोअर मॅनेजरला नियम विचारल्यावर तो थांबून नीट उत्तर देतो का, यादीतले नाव ओलांडून ओळखीच्या माणसाला आधी बसवतो का, नवख्याने चुकून पाळीआधी चिप्स पुढे सरकवल्या तर डीलर शांतपणे समजावतो का, हे पाहा. एका रूममध्ये माझ्या पुढची खुर्ची रिकामी झाल्यावर ती मागून आलेल्या गृहस्थांना दिली गेली. मी विचारणा केली, उत्तर मिळाले नाही, आणि मी चिप्स वटवून निघाले.

आणखी एक. आपल्याकडच्या पोकर रूममध्ये ओमाहा हा पोकरचा दुसरा प्रकार फार लोकप्रिय आहे. होल्डेमचे टेबल म्हणून बसलात आणि दोन फेऱ्यांनंतर सर्वांनी मिळून ओमाहा सुरू केला, तर हातात चार किंवा पाच पत्ते येतात, त्यांतले नेमके दोनच वापरावे लागतात आणि पॉट बघता बघता फुगतात. होल्डेम शिकलेल्या माणसाने त्या वेळी खुर्ची सोडावी. त्यात कमीपणा नाही. चौघांनी एकाच टेबलावर बसू नका, हेही आवर्जून सांगते. आपसांतल्या ओळखीने इतरांना संशय येतो, आणि एवढ्या लांब जाऊन मित्रांचेच पैसे जिंकायचे तर आखाजी काय वाईट आहे?

बोरीकाठ (अमळनेर):

तिघांचेही मनापासून आभार. विचारायच्या प्रश्नांची वही तयार केली आहे. टूर्नामेंटचा मुद्दा मात्र राहिला. वीस हजारांतले काही त्यासाठी ठेवावेत का?

गिरणाखोरे (चाळीसगाव):

ठेवावेत, पण एकाच प्रवेशापुरते. टूर्नामेंटमध्ये तोटा प्रवेशशुल्काइतकाच राहतो, ही नवख्यासाठी मोठी सोय आहे. मात्र पुन्हा प्रवेश घेण्याची मुभा असते आणि बाद झाल्यावर त्याच तिरीमिरीत माणूस दुसऱ्यांदा पैसे भरतो, म्हणून तसे करायचे नाही हे चौघांनी आधीच ठरवा. शुल्कातले किती रुपये बक्षिसात जातात आणि किती कॅसिनोकडे राहतात, ब्लाइंड किती मिनिटांनी वाढतात, हे दोन प्रश्न वहीत घाला. पंधरा मिनिटांनी वाढत असतील तर तासाभरात सगळे नशिबावर येते, अर्धा तास असेल तर खेळायला मिळते. डेल्टिन पोकर टूर्नामेंटसारख्या मोठ्या मालिकेच्या काळात रूम गजबजलेली असते, पण रोख टेबलांच्या रकमाही त्या दिवसांत वर चढतात. तुमच्या तारखा अशा मालिकेवर येत असतील तर पहिल्या संध्याकाळी टूर्नामेंट खेळा आणि रोख टेबलासाठी दुसऱ्या संध्याकाळी वेगळे जहाज पाहा.