सराव दिवसाचा, भूकंप पहाटेचा

‘भूकंपाच्या सरावात टेबलाखाली शिरून डोके झाकायला शिकवले की पुरे’ असे म्हटले जाते; हे मत सिमेंट काँक्रीटच्या पक्क्या इमारतींपुरते मला मान्य आहे. मात्र ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लोक दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या (सपाट छताच्या) मातीखाली गाडले गेले. तिथे टेबल असते तरी ते कितपत टिकले असते, याची मला शंका आहे. अशा घरांच्या गावात सरावाआधी भिंतींमध्ये आडवे दगड घालून आणि छताचा भार हलका करून घर मजबूत करण्याचा विचार व्हायला हवा.

दुसरे असे की, किल्लारीचा आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा, हे दोन्ही भूकंप पहाटे चारच्या सुमारास, लोक झोपेत असताना झाले, आणि आपले सराव मात्र सकाळी अकरा वाजता, भोंगा वाजवून, शाळेच्या मैदानावर होतात. (छायाचित्रांसाठी उजेड लागतो, हेही खरेच.) अंथरुणातच उशीने डोके झाकून थांबणे, उशाशी विजेरी आणि चपला ठेवणे, हादरे थांबल्यावर गॅस बंद करणे आणि शेजारच्या एकट्या वृद्धांना कोण हाक मारणार हे आधी ठरवणे, याचा सराव अंधारात एकदा तरी करावा. जपानमध्ये १९२३ च्या भूकंपाच्या स्मरणार्थ दर १ सप्टेंबरला सराव होतो. तो भूकंप दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळी झाला होता आणि बहुतेक बळी आगीने घेतले होते; म्हणजे सराव कशाचा करायचा, हे भूकंपाच्या वेळेवरही ठरते.