मदत हवी आहे : हांबुर्ग एका दिवसात पायी, सोबत गोदीतून निवृत्त झालेले बाबा

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन भावाकडे हानोफरला जाते आहे. त्यातला एक शनिवार हांबुर्गसाठी ठेवलाय. सकाळी लवकरची गाडी, रात्री परत. भाऊ त्या दिवशी कामावर असल्याने आम्ही तिघंच असू.

बाबा मुंबईच्या इंदिरा गोदीत ३३ वर्षं टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद ठेवणारे, होते. 'युरोपात काय बघायचंय' म्हणून विचारलं तेव्हा स्वित्झर्लंड वगैरे काही नाही, थेट 'हांबुर्गचं बंदर' म्हणाले. हांबुर्गहून आलेल्या पेट्यांवर त्यांनी आयुष्यभर खुणा केल्यात म्हणे. वय ७१. सपाट रस्त्यावर चार-पाच किलोमीटर आरामात चालतात, पण डावा गुडघा जिने चढू देत नाही. वरून झेंडा धरलेल्या गाइडच्या मागे जायला त्यांचा ठाम नकार. 'मला कुणी हाकायचं नाही.' म्हणून नकाशा हातात घेऊन आपलं आपणच फिरायचं ठरवलंय.

मी आखलेला रस्ता असा : मुख्य स्टेशनवरून राटहाउस म्हणजे नगरभवन, तिथून सांक्ट निकोलाईचा पडका चर्च, डाइखश्ट्रासे ही जुनी गल्ली, मग श्पायखरश्टाट म्हणजे जुन्या गोदामांचा भाग, एल्बफिलहार्मोनी हे संगीतगृह, आणि किनाऱ्याने चालत लांडुंग्जब्रुकन म्हणजे बोटींचे धक्के. शेवटी नदीखालचा जुना बोगदा. मिशेल चर्चचा मनोरा जमला तर.

प्रश्न :
हे एका दिवसात होईल की मी हावरटपणा करतेय? बोगद्यात जिने किती? बाबांना खरं बंदर कुठे दिसेल, नुसत्या लाल इमारती नकोत. आणि आईचा शनिवार असतो, तर उपासाला काय मिळेल?

ता. क. बाबांचा स्वतःचा एक प्रश्न आहे, जशाच्या तसा देते : 'नकाशात समुद्र दिसत नाही, मग बंदर कसलं?'

— डोंबिवली_लोकल


एल्बकाठ :
बाबांपासूनच सुरुवात करतो, कारण प्रश्न फर्मास आहे. हांबुर्ग एल्ब नदीवर आहे आणि उत्तर समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर लांब. तरी भरती-ओहोटी शहरापर्यंत येते, पाणी तीन मीटरहून जास्त वरखाली होतं. इंदिरा गोदीला दरवाजे आहेत, आतलं पाणी अडवून ठेवतात, हे बाबांना मी काय सांगणार! इथे १८६६ मध्ये झांडटोरहाफन बांधताना दरवाजे न लावता भरती-ओहोटीला मोकळं बंदर ठेवलं. जहाज थेट धक्क्याला, बाजूला वाफेवरच्या क्रेन, मागे शेड आणि रेल्वे. आज त्याच जागी जुनी जहाजं बांधून ठेवलेली असतात, एल्बफिलहार्मोनीच्या अगदी शेजारी. लांडुंग्जब्रुकनचे धक्केसुद्धा तरंगते आहेत, पाण्याबरोबर वरखाली होतात.

आता रस्ता. तुमचा क्रम उलटा करा. स्टेशनवरून आधी चिलेहाउस, दहा मिनिटं. जहाजाच्या नाळेसारखं टोक असलेली विटांची इमारत, १९२२ ते २४ मधली. मालकाने चिलीहून सोरा आणून पैसा केला, म्हणून हे नाव. तिथून पूल ओलांडला की श्पायखरश्टाट. सगळं सपाट, फक्त काही ठिकाणी दगडी फरशी आहे, त्यामुळे जाड तळाचे बूट. वासरश्लॉस नावाच्या इमारतीचा फोटो सगळे पोगेनम्यूलन पुलावरून काढतात. भरतीची वेळ बघून जा, ओहोटीला कालव्यात नुसता चिखल असतो.

मग डाइखश्ट्रासे आणि निकोलाई. दोन्ही मिळून तासभर. तिथून राटहाउस जवळच. तिथे पाय दुखायला लागतील तेव्हा चालू नका, यू३ ही मेट्रो पकडा आणि डाव्या खिडकीला बसा. र्योडिंग्समार्क्ट स्टेशनच्या आधीच गाडी उन्नत मार्गावर येते आणि लांडुंग्जब्रुकनपर्यंत सगळं बंदर खिडकीतून दिसतं. तिकिटात याहून चांगली सहल मिळत नाही.


खाऱ्यावाऱ्यात :
बोगद्याची काळजी नको. लिफ्ट आहे, पायी जाणाऱ्यांना फुकट. १९११ साली उघडला, लांबी ४२६ मीटर, पाण्याखाली सुमारे २४ मीटर. पलीकडच्या जहाजबांधणीच्या गोदीत जाणाऱ्या हजारो कामगारांसाठी बांधला होता, हे बाबांना आवर्जून सांगा. जास्त दाबाने कोंडलेल्या हवेत खोदकाम चालायचं, त्यात बरेच मजूर आजारी पडले. भिंतीवरच्या टाइल्समध्ये मासे, खेकडे आहेत आणि एक जुना बूटही आहे, तो शोधायला लावा. पलीकडे बाहेर पडलं की शहर समोर दिसतं. बहुतेक लोक इथूनच परत फिरतात, तुम्ही पाच मिनिटं बाकावर बसा.

मिशेल मात्र सोडा. मनोऱ्याला लिफ्ट असली तरी त्या दिवशी एकच मनोरा पुरे, आणि तो निकोलाईचा असावा. १४७ मीटर उंच. १८७४ ते १८७६ ही दोन वर्षं जगातली सर्वांत उंच इमारत होती ती. जुलै १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात चर्च गेलं, मनोरा उभा राहिला. आता काचेची लिफ्ट ७६ मीटरवर नेते. वरून गोदामांची रांग आणि पलीकडच्या क्रेन एका नजरेत येतात.


पोटोबा_आधी :
वहिनी/ताई जे काय असाल ते, उपासाचं मी सांगते. भाजलेला अख्खा बटाटा (ओफनकार्टोफल) बऱ्याच ठिकाणी मिळतो, वरचं दही-क्वार्क बाजूला मागा, कारण त्यात कांद्याची पात असते. तरी पर्समध्ये राजगिऱ्याचे लाडू ठेवाच. किनाऱ्यावर दर दहा पावलांवर पावात मासा विकतात, आईंना वारा येईल त्या बाजूने चालवू नका :) तुमच्यासाठी दालचिनीचं फ्रांत्सब्रोटशन. गरम मागा.
सार्वजनिक स्वच्छतागृहांना सुटे पैसे लागतात. संग्रहालयात शिराल तिथे आधी तेच उरकून घ्या.


मसाल्याचा_डबा :
सगळे मनोरे आणि बोगदे सांगताय, धागाकर्तीने विचारलंय ते 'नुसत्या लाल इमारती नकोत'. त्या लाल इमारतींच्या आत काय चालायचं ते बघायचं असेल तर आम झांडटोरकाईवरचं छोटं श्पायखरश्टाट संग्रहालय चुकवू नका. खऱ्या जुन्या गोदामातच आहे. तिकडे मालाची राखण, वजन, प्रतवारी करणारे कामगार भागीदारीत टोळ्या करून काम करायचे, त्यांना क्वार्टियर्सलॉयटं म्हणत. पोत्यात खुपसून कॉफीचा नमुना काढायची टोकदार नळी, वजनकाटे, रबराचे गोळे, चहाच्या पेट्या असं सगळं मांडून ठेवलंय. टॅली क्लार्क माणूस तिथे दोन तास काढेल, लिहून घ्या.

गोदामांची रचनाही दाखवा. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला रस्ता. वरच्या मजल्यावर कपी, कालव्यातल्या पडावातून पोतं थेट पाचव्या मजल्यावर. १८८८ मध्ये इथलं करमुक्त बंदर सुरू झालं. त्यासाठी त्या बेटांवरच्या सुमारे २०,००० लोकांना उठवलं होतं, हे माहितीफलक वाचताना मनात ठेवा. करमुक्त बंदर २०१३ च्या १ जानेवारीला बंद झालं. आता गालिचेवाले थोडे उरलेत, बाकी ऑफिसं.

मिनिएचर वुंडरलांटला, म्हणजे छोट्या आगगाड्यांच्या प्रदर्शनाला, मात्र जाऊ नका. छान आहे, पण त्यात अर्धा दिवस जातो.


एल्बकाठ :
छोट्या आगगाड्यांबद्दल असहमत, पण बाबांसाठी नको हे खरं. एक राहिलं होतं. 'खरं बंदर' म्हणजे कंटेनर असेल तर लांडुंग्जब्रुकनवरून ६२ क्रमांकाची फेरी घ्या, फिंकनवेर्डरपर्यंत जाऊन यायचं. पर्यटकांची बोट नाही, शहराच्या वाहतुकीचीच आहे, दिवसभराचं तिकीट तिच्यावर चालतं. वरच्या डेकवर बसा. नॉयम्यूलन थांब्याच्या समोर पलीकडच्या काठावर बुर्खार्डकाई या कंटेनर धक्क्याचे क्रेन दिसतात.

आणि जुनं बंदर हवं असेल तर श्युपन ५० आ. कैसरच्या म्हणजे जर्मन सम्राटाच्या काळातले शेवटचे उरलेले धक्क्यावरचे शेड, तिथे बंदराचं संग्रहालय. जुन्या क्रेन, वजनकाटे आणि चार डोलकाठ्यांचं १९११ चं 'पेकिंग' जहाज, तेच चिलीचा सोरा आणणारं. थोडं बाजूला आहे, बसने जावं लागतं. हिवाळ्यात बंद असतं, सप्टेंबरात जमावं, पण वार आणि वेळ बघूनच निघा. हे केलंत तर एल्बफिलहार्मोनी बाहेरूनच पाहा. तसंही ती उभी आहे जुन्या गोदामाच्याच डोक्यावर, कोको साठवायचे तिथे.


डोंबिवली_लोकल :
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. दरवाजे नसलेल्या बंदराबद्दल ते अर्धा तास बोलले, मला त्यातलं निम्मं कळलं. निकोलाई ठेवतेय, मिशेल गेलं, एल्बफिलहार्मोनी बाहेरून. सकाळी श्पायखरश्टाट, दुपारी यू३, बोगदा, मग ६२ नंबर. पेकिंग पुढच्या वेळी, किंवा भावाला रविवारी पटवून.

मसाल्याचा_डबा, बाबांचा एकच प्रश्न राहिलाय. पोती उचलायला त्यांच्याकडे हाताचा हूक असायचा का? कॉफीच्या पोत्याला हूक लावला की माल सांडतो, मग टॅली चुकते, त्यावरून आमच्याकडे भांडणं व्हायची म्हणे.


मसाल्याचा_डबा :
असायचा. ग्रीपन म्हणायचे त्याला, हाताएवढा. संग्रहालयात बघायला मिळेल. भांडणं व्हायची की नाही ते बाबांनीच तिथल्या कर्मचाऱ्याला विचारावं, हिंदीत विचारलं तरी कळेल त्याला, हाताने करून दाखवलं तर.