सोलापूर महापालिकेचं अंदाजपत्रक: पहिला पैसा गल्लीतल्या पाइपलाइनला

पूर्वभागकर: उजनी धरण ते सोलापूर 110 किलोमीटर, 170 एमएलडीच्या (म्हणजे रोज 17 कोटी लिटर) समांतर जलवाहिनीवर एवढा पैसा ओतला. पण पाणी वेशीपर्यंत आणून भागत नाही. गल्लीतली लाइन जुनाट, टाक्या अपुऱ्या. माझं म्हणणं स्पष्ट आहे: चौक सुशोभीकरण, कमानी, कारंजी दोन वर्षं बंद ठेवा आणि तो पैसा अंतर्गत वितरणाला द्या. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी, तेही कधी रात्री दोनला. विडी वळणारी बाई रात्रभर नळापाशी जागली की दुसऱ्या दिवशी तिच्या हजार विड्या पुऱ्या होत नाहीत, म्हणजे मजुरी बुडाली. नवं पाणी आलं की बॅरलमधलं शिळं म्हणून गटारात ओततात, ते वेगळंच.

हद्दवाढवासी: गटार आहे म्हणून ओतता तरी! 1992 ला आमची गावं शहरात घेतली. आमच्या कॉलनीत आजही ड्रेनेज नाही, शोषखड्डा भरला की पाणी रस्त्यावर. उद्या रोज पाणी सोडलंत तर सांडपाणी जाणार कुठं? आधी ड्रेनेज.

पूर्वभागकर: हे मान्य. मग दोन्ही लाइनी एकदमच टाका की ओ. डांबर त्यानंतर. नवा रस्ता सहा महिन्यांत उकरायचा धंदा तरी थांबेल.

नियमितकरदाता: पैसा कुठून आणणार? जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटीही 2015 पासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाली. आता जीएसटीच्या अनुदानासाठी मुंबईकडे डोळे, आणि पगार-पेन्शन आधी द्यावेच लागतात. तरी जमेची बाजू फुगवून कामं लिहितात. आधी मिळकतकराच्या बड्या थकबाकीदारांवर जप्ती आणा, पाण्याला मीटर लावा.

पूर्वभागकर: थकबाकीचं शंभर टक्के बरोबर. मीटर मात्र रोज पाणी आल्यावर. चार दिवसांआड पाणी देऊन वर्षाची पट्टी पूर्ण घेताय, आणखी मीटर कशाला?

हद्दवाढवासी: आणि नगरसेवकांच्या भांडवली निधीचं काय? पेव्हर ब्लॉक आणि बाकडी. तो निधी ड्रेनेजला वळवा.

नियमितकरदाता: त्यालाही माझा विरोध आहे. छोट्या कामासाठी माणूस आयुक्तांकडे जात नाही, नगरसेवकाच्या दारात जातो. निधी राहू द्या, त्यातून काय करायचं ते बांधून द्या. आयुक्तांचा मसुदा स्थायी समितीत आणि मग सर्वसाधारण सभेत जातो. सभेआधीच आपापल्या नगरसेवकाला गाठा, आणि मागच्या वर्षी ड्रेनेजला धरले किती, प्रत्यक्ष खर्चले किती, हे दोनच आकडे मागा.